लिनक्सवर गेम खेळणे आता खरोखर जमते का?

रामबागकर

नमस्कार.

आमच्या घरी इंदूरला एक जुना संगणक आहे. इंटेलचा सातव्या पिढीतला आय-५, १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असा त्याचा सरंजाम असून आजवर त्याने कधी कुरकूर केलेली नाही. परंतु विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच असल्यामुळे तो रस्ता अधिकृतपणे बंद आहे. धडधाकट यंत्र केवळ यादीत नाव नाही म्हणून भंगारात काढणे मनाला पटत नाही, तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालावी असा विचार चालू आहे.

ब्राउझर, हिशेब, पत्रव्यवहार यांबद्दल मला शंका नाही; प्रश्न गेमचा आहे. विचर ३, एल्डन रिंग, एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती आणि काउंटर-स्ट्राइक २ एवढीच माझी यादी आहे, आणि हे सगळे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्यावर आहे. शिवाय दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत देवासहून भाचा येतो, त्याला व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमखेरीज दुसरे काही सुचत नाही.

यूट्यूबवरचे उत्साही लोक 'सगळे चालते' म्हणतात आणि त्याखालच्या प्रतिक्रियांत 'काहीच चालत नाही' असे वाचायला मिळते. कामावरून आल्यावर तासभर खेळून झोपणाऱ्या माणसाने काय करावे, हे इथल्या अनुभवी मंडळींनी सांगावे.

पोह्यांवर_जास्त_शेव

व्हॅलोरंट आहे ना यादीत? मग भाच्यासाठी दुसरा संगणक घ्या आणि धागा बंद करा.

जुना_पेंग्विन

शेव यांचे म्हणणे उद्धट असले तरी खोटे नाही. त्याकडे नंतर येतो.

रामबागकर, हाच प्रश्न आपण २०१७ साली विचारला असता तर मी 'नाही' असे एका शब्दात उत्तर दिले असते. मधल्या काळात काय बदलले ते समजून घेतले तर पुढची चर्चा सोपी होईल.

स्टीमची मालक कंपनी वाल्व्ह हिने लिनक्ससाठी स्टीम फेब्रुवारी २०१३ मध्ये आणले. गेम बनवणाऱ्या कंपन्या लिनक्ससाठी वेगळ्या आवृत्त्या काढतील, अशी तेव्हाची अपेक्षा होती. काहींनी काढल्या, बहुतेकांनी नाही, आणि २०१५ च्या अखेरीस आलेल्या स्टीम मशीन नावाच्या यंत्रांकडे गेमच पुरेसे नसल्यामुळे ग्राहक फिरकले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये वाल्व्हने हे धोरणच फिरवले. कंपन्यांची मनधरणी करत बसण्यापेक्षा विंडोजसाठी बनलेला गेम आहे तसाच लिनक्सवर चालवायचा, या हेतूने प्रोटॉन आले.

प्रोटॉनच्या मुळाशी १९९३ पासून चालत आलेला वाइन हा प्रकल्प आहे. गेम विंडोजकडे ज्या ज्या गोष्टी मागतो, म्हणजे फाइल उघडून द्या, आवाज काढा, माउस कुठे आहे ते सांगा, त्या सगळ्या त्याच नावाने वाइन उपलब्ध करून देते आणि प्रत्यक्ष काम लिनक्सकडून करून घेते. चित्र काढण्याची भाषा मात्र वेगळी असते. विंडोजवर ती डायरेक्टएक्स आहे आणि लिनक्सवर २०१६ साली आलेली व्हल्कन. हे भाषांतर डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या गेमसाठी डीएक्सव्हीके करते आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. प्रोसेसरला दिलेल्या सूचना मात्र जशाच्या तशा चालतात, त्यांची नक्कल करावी लागत नाही, आणि म्हणूनच वेग फारसा घटत नाही.

पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये वाल्व्हचे स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आले. ते लिनक्सवरच चालत असल्यामुळे प्रोटॉन सुधारणे ही वाल्व्हची स्वतःची गरज झाली. आपल्या यादीतले एल्डन रिंग त्याच महिन्यात आले आणि विंडोजवर ते अडखळत असल्याची ओरड सगळीकडे झाली. वाल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये त्यावर उपाय केला आणि काही काळ हा गेम डेकवर अधिक सुरळीत चालत होता.

तेव्हा आपल्या चारही गेमना माझे उत्तर 'होय' असे आहे. काउंटर-स्ट्राइक २ ची तर लिनक्स आवृत्ती खुद्द वाल्व्हनेच दिली आहे.

खिडकीपाशी

पेंग्विन यांचा इतिहास बरोबर आहे, परंतु त्यात एक अध्याय गाळलेला आहे. कंपन्या आज देतात आणि उद्या काढून घेतात. रॉकेट लीगची लिनक्स आवृत्ती होती. मार्च २०२० मध्ये तिचा पाठिंबा बंद झाला. एपेक्स लेजंड्स प्रोटॉनवर व्यवस्थित चालत होते. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीने लिनक्सच्या खेळाडूंना दार बंद केले आणि कारण दिले ते फसवणूक करणाऱ्यांचे. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय ही फसवणूक रोखणारी व्यवस्था आली आणि लिनक्सवाले एका रात्रीत बाहेर पडले. ज्याने या गेमवर पैसे खर्च केले होते त्याने कोणाकडे दाद मागायची?

दुसरी गोष्ट वेळेची. रामबागकर यांनी स्पष्ट लिहिले आहे की त्यांना तासभर खेळून झोपायचे आहे. त्या तासातली वीस मिनिटे 'प्रोटॉनची कोणती आवृत्ती लावू' हे शोधण्यात गेली, तर फुकट मिळालेली प्रणाली महागात पडली असेच म्हणावे लागेल. विंडोजवर अडचणी येत नाहीत असा माझा दावा नाही. तिथल्या अडचणींची उत्तरे मात्र पहिल्या पानावर सापडतात.

कॅफेवाला

इंदूरच्या भंवरकुआँ भागात माझे छोटे गेमिंग कॅफे आहे. परवान्यांचा खर्च वाचेल म्हणून मीही या गोष्टीचा बराच विचार केला होता. माझ्याकडे येणारी मुले कोचिंगचा वर्ग सुटला की थेट येतात आणि त्यांतली बहुतेक व्हॅलोरंट मागतात, उरलेली जीटीए किंवा फोर्टनाइट. विचर ३ मागणारा मुलगा क्वचितच येतो, आणि तो आला की मला त्याचे कौतुक वाटते. माझ्या धंद्यापुरते लिनक्स बाद आहे, आणि त्यात लिनक्सचा दोष काही नाही.

घरी मात्र मी मिंट ही लिनक्सची आवृत्ती वापरतो आणि खेळतोही. दुकानात जे पाहतो तेच घरी पाहायची इच्छा उरत नाही.

बडोद्याची_लेक

खिडकीपाशी, वीस मिनिटांचा हिशेब माझ्या अनुभवाशी जुळत नाही.

मी बडोद्याला असते. आतेभावाने परदेशातून येताना माझ्यासाठी स्टीम डेक आणले. घरातली कामे आटोपल्यावर सोफ्यावर बसून मी खेळते, आणि त्या यंत्रातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे चालू गेमच्या मध्येच बटण दाबून ते झोपवता येते. दुधाचे पातेले उतू जायच्या बेतात असेल तर बटण दाबायचे, उठायचे, आणि परत आल्यावर तलवार जिथे उगारली होती तिथूनच पुढे चालू करायचे. त्यात लिनक्स आहे हे मला कित्येक आठवडे माहीत नव्हते आणि माहीत असण्याची गरजही पडली नाही.

अडचण एकदाच आली, ती सांगते, कारण ती कोणालाही येऊ शकते. एका गेममध्ये डेनुव्हो नावाची नक्कल-प्रतिबंधक व्यवस्था होती. प्रोटॉनची आवृत्ती बदलली की तिला तो नवा संगणक वाटतो. मी वेग वाढतो का हे पाहण्यासाठी एकामागून एक आवृत्त्या बदलत गेले आणि दिवसभरासाठी गेमने कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी ते आपोआप उघडले. डेनुव्हो असलेल्या गेममध्ये जी आवृत्ती चालते आहे तिला हात लावू नये, एवढेच.

शेवटचा_बॉस

व्हॅलोरंट आणि इतर काही गेमबद्दल इथे नुसते 'चालत नाही' म्हटले जात आहे. का चालत नाही, हे कोणीतरी लिहायला हवे, म्हणून लिहितो.

फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर म्हणजे अँटी-चीट दोन प्रकारे काम करू शकते. एक प्रकार गेमच्या बरोबरीने साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. दुसरा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतो. व्हॅलोरंटचे व्हॅनगार्ड दुसऱ्या प्रकारचे आहे आणि संगणक सुरू होतो तेव्हाच तेही सुरू होते. वाइन गाभ्याच्या बाहेर काम करते. विंडोजचा कर्नलच तिथे नसल्यामुळे या ड्रायव्हरला बसायला जागाच नाही. आभासी यंत्रात विंडोज घालून पळवाट काढावी म्हटले, तर व्हॅनगार्ड तेही चालू देत नाही. लीग ऑफ लेजंड्स बरीच वर्षे वाइनवर चालत होते. २०२४ मध्ये तिथे व्हॅनगार्ड आल्यावर ते थांबले.

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या व्यवस्थांनी मात्र सप्टेंबर २०२१ मध्येच प्रोटॉनची सोय दिली आहे. ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते, आणि इथेच घोडे पेंड खाते. एल्डन रिंगमध्ये ईझी अँटी-चीट आहे आणि ते प्रोटॉनवर बिनतक्रार ऑनलाइन खेळता येते. फोर्टनाइटमध्ये ती सोय बंद आहे. गंमत म्हणजे ईझी अँटी-चीट एपिक या कंपनीच्या मालकीचे आहे आणि फोर्टनाइटही एपिकचेच.

म्हणून 'लिनक्सवर गेम चालतात का' या प्रश्नापेक्षा 'माझ्या यादीतल्या गेमच्या मालकाने परवानगी दिली आहे का' हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. तंत्राचा भाग बराचसा सुटलेला आहे.

खिडकीपाशी

शेवटचा बॉस, उत्तम लिहिलेत. पण कंपन्यांची बाजूही पाहा. लिनक्सवर गाभा ज्याचा त्याने हवा तसा बदलून घेता येतो. मग तिथे फसवणूक करणाऱ्याला पकडायचे कसे? स्टीमच्या पाहणीत २०२५ च्या अखेरीस लिनक्सचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. तेवढ्यांसाठी उरलेल्यांचा खेळ बिघडू द्यावा, असे कोणता मालक म्हणेल?

शेवटचा_बॉस

मुद्दा रास्त आहे. तरीही चोर पकडण्यासाठी रखवालदाराला तिजोरीची किल्ली द्यावी का, हा प्रश्न विंडोजवाल्यांनीही स्वतःला विचारावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतामुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली आणि विमानतळांवर रांगा लागल्या. ते गेमचे सॉफ्टवेअर नव्हते, परंतु गाभ्यात बसलेल्या परक्या ड्रायव्हरमुळे काय होऊ शकते याचा तो नमुना होता. आणि कर्नलमधले अँटी-चीट असलेल्या गेममध्येही फसवणूक करणारे सापडतातच.

कॅफेवाला

सापडतात. माझ्याच कॅफेत सापडले आहेत.

ग्वाल्हेरकर_४०९

चर्चा सगळी तलवारी आणि बंदुकांची चालली आहे. गाड्यांचेही कोणीतरी सांगायला हवे. मी ग्वाल्हेरला असतो आणि माझ्याकडे लॉजिटेकचे जी२९ हे स्टिअरिंग व्हील आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे, त्यामुळे तार जोडली की चाक ओळखले जाते. हाताला जाणवणारा प्रतिरोध हवा तसा मिळत नसेल तर न्यू-एलजी४एफएफ नावाचा सुधारित ड्रायव्हर घालावा, आणि किती अंशात चाक फिरावे हे ठरवायला ओव्हरस्टीअर नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. वळणावर मागची चाके सुटू लागली की हाताला जो झटका बसायला हवा तो मला बसतो. महागड्या, नव्या व्हीलबाबत मात्र घेण्यापूर्वी चौकशी करावी, कारण सगळ्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये नाहीत.

जुना_पेंग्विन

रामबागकर, वर मी चारही गेमना 'होय' म्हटले, त्यात आता आपल्या कार्डापुरती भर घालतो, कारण ती प्रत्यक्षात अधिक महत्त्वाची आहे.

आपले १०५० टीआय एनव्हिडियाच्या पास्कल पिढीचे आहे. लिनक्सच्या ड्रायव्हरची ५८० क्रमांकाची शाखा ही या पिढीला चालणारी शेवटची शाखा आहे. तिच्या पुढच्या शाखांत पास्कल नाही. कार्ड यामुळे उद्या बंद पडणार नाही. परंतु ज्या डिस्ट्रोमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आवृत्तीत, सर्वात नवा ड्रायव्हर आल्याआल्या मिळतो, तिथे आपल्याला जुनी शाखा मुद्दाम धरून ठेवावी लागेल. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडला की शाखांची यादी दिसते. तिथे ५८० निवडावी आणि विसरून जावे. सर्वात नवे ते लगेच देणाऱ्या आर्च या डिस्ट्रोच्या वाटेला आपण जाऊ नये, असे मी स्वतः आर्च वापरत असूनही सांगतो.

दुसरे, पास्कल कार्डांवर डायरेक्टएक्स १२ चे भाषांतर तुलनेने जड जाते. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अद्ययावतानंतर विचर ३ सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असा पर्याय मिळतो; आपण ११ घ्यावा. एल्डन रिंगला तो पर्याय नाही. शिवाय त्याची किमान अपेक्षाच जीटीएक्स १०६० ची आहे, म्हणजे आपले कार्ड विंडोजवरही त्या रेषेच्या खाली आहे. तिथे चित्र अडखळले तर त्याचे खापर लिनक्सवर फोडू नये.

पुढेमागे कार्ड बदलायचे झाले तर एएमडीचे घ्यावे. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि लिनक्सबरोबरच येणाऱ्या मेसा या चित्रप्रणालीत असतो, वेगळा घालावा लागत नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये वापरलेले आरएक्स ६६०० मिळाले, तर आपल्या प्रोसेसरला त्याहून मोठ्या कार्डाची गरजही नाही.

सराफ्यातला_गराडू

दोन बारीक गोष्टी, ज्या नवखा माणूस हमखास चुकवतो.

विंडोजवरून येणारे लोक गेमचा जुना एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीचा, ड्राइव्ह तसाच ठेवतात आणि लिनक्सच्या स्टीमला तोच दाखवतात. गेम दिसतात, 'खेळा' हे बटण हिरवे होते, ते दाबले की क्षणभर 'चालू आहे' असे येते आणि पुन्हा हिरवे होते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, म्हणून माणूस प्रोटॉनला दोष देतो. वास्तविक प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखी एक फोल्डरची मांडणी तयार करते, आणि त्यातली काही नावे व दुवे एनटीएफएसवर नीट बसत नाहीत. गेमसाठी ईएक्सटी४ या लिनक्सच्या मांडणीची वेगळी जागा करावी आणि गेम तिथे न्यावेत. अर्धी रडारड इथेच संपते.

दुसरी गोष्ट शेडरची, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. गेम सुरू करताना 'व्हल्कन शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी येते आणि जुन्या प्रोसेसरवर ती रेंगाळते. ती सोडून पुढे जाता येते, पण मग खेळताना पहिल्यांदा दिसणाऱ्या प्रत्येक आगीला आणि धुराला चित्र किंचित थबकते. मी संगणक सुरू करून पट्टी लावून देतो आणि चहा टाकायला जातो. ज्यांचे इंटरनेट मोजून मिळते त्यांनी हेही लक्षात घ्यावे की या शेडरसाठी स्टीम वेळोवेळी काही ना काही उतरवत असते. सेटिंगमध्ये ते बंद करण्याची सोय आहे.

निवृत्त_रोखपाल

मंडळी, मी वयाने बहुधा इथल्या सर्वांपेक्षा मोठा असेन. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलाने जुन्या लॅपटॉपवर मिंट घालून दिले. आपण ज्या गेमची नावे घेत आहात त्यांतले मला एकही ठाऊक नाही. मी पायसोल खेळतो. त्यात पत्त्यांचे एक हजाराहून अधिक डाव आहेत आणि ते सगळे फुकट आहेत. त्याखेरीज बॅटल फॉर वेस्नॉथ नावाचा पटावरच्या युद्धाचा खेळ मला लागला आहे. तोही फुकटच आहे, आणि प्रत्येक चालीला हवा तेवढा विचार करू देतो, जे आजकाल माणसेही करू देत नाहीत.

'लिनक्सवर गेम नाहीत' असे जे म्हटले जाते ते ऐकून मला नवल वाटते, एवढेच नोंदवतो.

बडोद्याची_लेक

काका, आपला प्रतिसाद फार आवडला. वेस्नॉथ आजच उतरवून घेते.

पोह्यांवर_जास्त_शेव

एक खासगी शंका जाहीरपणे विचारतो. 'मित्राकडून पेनड्राइव्हवर आणलेले' गेम लिनक्सवर चालतात का?

संपादक_मंडळ

या संकेतस्थळावर चोरीच्या प्रतींबद्दल मार्गदर्शन केले जात नाही. कृपया मूळ विषयावर राहावे.

सराफ्यातला_गराडू

शेव, विकत घेतलेल्यांपुरते सांगतो. स्टीमबाहेरचे म्हणजे एपिक आणि जीओजी या दुकानांतले गेम हीरोइक नावाच्या प्रोग्रॅममधून त्याच प्रोटॉनवर चालतात. एपिक तर दर आठवड्याला काही ना काही फुकट देते, तेव्हा पेनड्राइव्हवाल्या मित्राला विश्रांती द्यावी. मायक्रोसॉफ्टच्या पीसी गेम पासचे गेम मात्र लिनक्सवर उतरवून खेळता येत नाहीत. ज्यांचे सगळे खेळणे त्या वर्गणीवर आहे, त्यांनी या धाग्यावरून उत्साहित होऊ नये.

खिडकीपाशी

रामबागकर, निर्णय घाईने घेण्याची गरज नाही, हे कोणी सांगितलेले दिसत नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्त्यांची आणखी एक वर्षाची मुदत दिलेली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर नोंदणी करावी लागते, आणि सेटिंगची प्रत त्या खात्यात ठेवली तर पैसे पडत नाहीत. जुन्या डिस्कवर विंडोज १० तसेच राहू द्या, वेगळ्या एसएसडीवर लिनक्स घाला आणि तोवर दोन्ही वापरून पाहा. मी लिनक्सच्या विरोधात नाही. एकाच रात्री सगळे पुसून टाकणाऱ्यांच्या विरोधात आहे.

जुना_पेंग्विन

खिडकीपाशी यांच्याशी प्रथमच पूर्ण सहमत. एकच भर घालतो: लिनक्स घालताना विंडोजच्या डिस्कची तार काढून ठेवावी, म्हणजे दोन्ही प्रणालींचे बूट करण्याचे सामान वेगवेगळ्या डिस्कवर राहते आणि एकीच्या अद्ययावतामुळे दुसरी गायब होत नाही. कोणती सुरू करायची ते संगणक चालू करताना बायॉसच्या यादीतून निवडावे.

शेवटचा_बॉस

आणि भाच्याच्या बाबतीत एक सूचना. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची प्रणालीची तपासणी) मागते. विंडोज १० वर तशी अट नाही. म्हणजे त्या जुन्या डिस्कवर त्याचे काम सध्या भागेल. मात्र वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते दिसतेच आहे; ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ ने सिक्युअर बूट सर्वांनाच सक्तीचे केले.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मध्यंतरी घरात लग्नकार्य असल्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला.

खिडकीपाशी आणि पेंग्विन यांच्या सल्ल्याप्रमाणे नवी एसएसडी घेतली, जुन्या डिस्कची तार काढली आणि मिंट घातले. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० निवडला. एज ऑफ एम्पायर्स स्टीमवरून उतरवले आणि खेळले. मला विंडोजच्या तुलनेत काहीही फरक जाणवला नाही. विचर ३ डायरेक्टएक्स ११ वर, सेटिंग मध्यम ठेवून, समाधानकारक चालतो. त्यात नोव्हिग्राडच्या बाजारात शिरताना पहिल्या दिवशी चित्र थबकत होते, दुसऱ्या दिवसापासून थांबले. गराडू यांनी सांगितलेला शेडरचा प्रकार तो हाच असावा. काउंटर-स्ट्राइक पूर्वीसारखेच आहे, म्हणजे मी पूर्वीसारखाच हरतो.

एल्डन रिंग चालते, ऑनलाइनही जाते, पण मोकळ्या मैदानात घोडा दौडू लागला की चित्र स्पष्टपणे मंदावते. विंडोजवर लावून पाहिले तर तिथेही मंदावते, जरा कमी. त्यासाठी कार्ड बदलणे आले, आणि आरएक्स ६६०० ची चौकशी चालू केली आहे.

भाचा येऊन गेला. त्याने मिंट पाहिले, 'मामा, यात व्हॅलोरंट कुठे आहे' असे विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता जुनी डिस्क सुरू केली. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याचे सगळे मित्र तिथे आहेत. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याने माझ्याबरोबर एज ऑफ एम्पायर्सचा एक डाव टाकला, तो त्याच्या लॅपटॉपवर विंडोजमधून आणि मी मिंटमधून, आणि जोडणीत कोणतीही अडचण आली नाही.

एक शंका शिल्लक आहे. दिवाणखान्यातल्या टीव्हीला हा संगणक एचडीएमआयने जोडलेला आहे. एएमडीचे कार्ड घेतले तर त्यात काही अडचण येते, असे कुठेतरी वाचले होते. हे खरे आहे का?

जुना_पेंग्विन

अर्धे खरे आहे. एचडीएमआय २.१ चा पाठिंबा आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये देण्याची एएमडीची इच्छा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने ती परवानगी नाकारल्याचे जाहीर झाले. त्यामुळे अडचण येते ती ४के चित्र १२० हर्ट्झला हवे असणाऱ्यांना, आणि तेही डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घेतला तर सुटतात. आपला टीव्ही कोणता आहे?

रामबागकर

साधा फुल एचडी, ६० हर्ट्झचा.

जुना_पेंग्विन

मग निर्धास्त घ्या. फक्त वापरलेले कार्ड घेताना दुकानातच जोडून, पंखे फिरतात का आणि तिन्ही-चारही पोर्ट चित्र देतात का, एवढे पाहून घ्या.